होडीच्या अलीकडे

डोळे मिटा बघू. मिटलेत? चोरून बघायचं नाही हं. आता समोर समुद्र आणा. ओमानचा, मस्कतजवळच्या सीबचा. ओहोटी लागली आहे. ओली वाळू लांबवर पसरली आहे. डावीकडे कोळ्यांच्या जाळ्यांचा ढीग. त्याच्या पलीकडे उपडी घातलेली लाल होडी. आणि अलीकडे, हातात गोल्फची काठी घेऊन उभे आहेत ते पूर्वाचे आजोबा. दिसले ना?

त्यांच्यामागे घडीच्या खुर्चीत त्यांचा मुलगा, म्हणजे पूर्वाचा बाबा धनेश, फोनवर वाचत बसला होता.

"बाबा, हे मैदान ऐका. अगदी समुद्राला लागून. शेकडो वर्षं लोक तिथे खेळतायत."

"तिथे वारा फार," आजोबा म्हणाले.

"समुद्रकाठी वारा नसेल तर काय असेल? बरं, हे दुसरं?"

"तिथे चढ फार."

"गेल्या शुक्रवारी तुम्हीच म्हणालात, सपाट आहे म्हणून!"

खिशातून हिरव्या चटईचा तुकडा काढून आजोबांनी वाळूवर पसरला.

या तुकड्याचीही गोष्ट आहे. बाळकृष्ण आजोबा वाळवंटातल्या तेलाच्या कॅम्पवर फिटर होते. तिथेच ते गोल्फ शिकले. त्या मैदानात गवताचं एक पातं नव्हतं. म्हणून प्रत्येक जण प्लॅस्टिकच्या गवताचा तुकडा बरोबर बाळगायचा. चेंडू जाईल तिथे तो पसरायचा, त्यावर चेंडू ठेवायचा आणि मारायचा. तेव्हापासून आजोबांचं एकच म्हणणं होतं. एकदा तरी स्कॉटलंडला जायचं. समुद्राकाठच्या त्या जुन्या मैदानांवर, खऱ्या गवतावरून चेंडू मारायचा.

आता ते कायमचे गावी परतणार होते. त्याआधी धनेश त्यांना तिकडे नेणार होता. दोघांचं बुकिंग आजच पक्कं करायचं होतं. आणि आजोबा एकेक मैदान नापसंत करत सुटले होते.

"तू तुझ्या एखाद्या मित्राला घेऊन जा रे," ते म्हणाले. "मी इथेच बरा."

"आयुष्यभर ज्याच्या गप्पा मारल्या, ते आता नको?" धनेशचा आवाज दुखावलेला होता. "सांगा ना, माझं काय चुकलं?"

आजोबांनी पूर्वाला हाक मारली. "चल गं, आपला खेळ खेळू."

त्यांचा खेळ असा. आजोबा चेंडू मारायचे आणि विचारायचे, "सांग बघू, कुठे गेला?" पूर्वा शाळेत सगळं इंग्रजीत बोलायची. सुरुवातीला ती नुसतं "देअर!" म्हणायची. आजोबा मान हलवायचे. "देअर म्हणजे कुठे? कशाच्या अलीकडे? कशाच्या पलीकडे?" मग पूर्वा अडखळत शब्द शोधायची. वर्षभरात तिला डावीकडे, उजवीकडे, अलीकडे, पलीकडे, सगळं यायला लागलं. तिला वाटायचं, हा आजोबांचा मराठीचा तास आहे.

आजोबांनी काठी फिरवली. या वेळी नेम चुकला. काठी नुसती चेंडूच्या डोक्याला लागली. चेंडू घरंगळत थोडा पुढे गेला आणि ओल्या वाळूत थांबला. अगदी समोर.

आजोबा मात्र कपाळावर हात धरून दूर होडीकडे बघत होते. त्यांचा चेहरा खुलला होता.

"वा! लांब गेला, नाही? सांग बघू, कुठे?"

पूर्वाने चेंडूकडे पाहिलं. मग आजोबांच्या डोळ्यांकडे पाहिलं. मराठीचा तास होताच तो. पण नुसता तास नव्हता.

ती त्यांच्याजवळ गेली आणि अगदी हळू म्हणाली, "आजोबा, जवळच आहे. चटईच्या थोडा पलीकडे."

आजोबांचा हात कपाळावरून खाली आला.

"हिरव्यावर पांढरं दिसतं मला," ते पुटपुटले. "लांबचं सगळं धुकं. डॉक्टर म्हणाले, आता एवढंच राहणार. बाबाला सांगू नकोस. जिवाला लावून घेईल."

"पण मग स्कॉटलंडमध्ये कोण सांगणार, चेंडू कुठे गेला ते?"

"तेच तर, बाळा."

मागून धनेशने विचारलं, "मग काय करू बाबा? कॅन्सल?"

"कॅन्सल नको," पूर्वा वळून म्हणाली. "तिघांचं करा. मी पण येणार."

"तू? तुला गोल्फ येतं कुठे?"

"खेळता नाही येत. पण सांगता येतं."

"काय सांगता येतं?"

पूर्वा धावत जाऊन चेंडू घेऊन आली. फ्रॉकला पुसून तिने तो हिरव्या तुकड्यावर ठेवला आणि आजोबांच्या बाजूला, काठीपासून लांब, उभी राहिली.

"मारा, आजोबा."

या वेळी चेंडू छान उडाला. तो हवेत असतानाच आजोबांनी मान वळवली. चेंडूकडे नाही, पूर्वाकडे. धनेशने ते पाहिलं. फोनवरचा त्याचा अंगठा थांबला. मग काही न विचारता त्याने दोनाचे तीन केले.

आजोबांनी विचारायला तोंड उघडलं. पण त्याआधीच पूर्वाने त्यांचा हात धरला होता.

"जाळ्यांच्या पलीकडे," एकदाही न अडखळता ती म्हणाली, "आणि लाल होडीच्या जरासा अलीकडे. चला."