पुडीवरचे मांजर

वृद्ध रिक्षाचालक वागिमान भाताची पुडी उलटी धरून वाचत होते. आत गुडेग होते. फणसाच्या त्या गोड भाजीचा रस केळीच्या पानाच्या कडेने झिरपत त्यांच्या मनगटावर ओघळत होता. त्यांचे तिकडे लक्ष नव्हते. वेष्टनाच्या कागदावर एक मांजर डोके खाली, पाय वर करून बसले होते, आणि ते काय म्हणते आहे हे त्यांना जाणून घ्यायचे होते.

दारात उभ्या असलेल्या वेनिंगने ते पाहिले. मांजर तिने काढलेले होते.

तिच्या झीनमधले, म्हणजे घरीच काढलेल्या अंकातले, ते मांजर. एक कागद घ्यावा, त्याला घड्या घालाव्यात, मधोमध कात्रीने एक चीर द्यावी. हाती आठ पानांची चिमुकली पुस्तिका येते. कागद उलगडला की निम्मी पाने सुलटी, निम्मी उलटी. जाकार्तातली बँकेची नोकरी सुटून ती योग्याकार्ताला आईकडे परतली, तेव्हापासून या घड्यांनीच तिला तारले होते. गल्लीत जो तो विचारी: नोकरी लागली का, लग्न ठरले का, परत कधी निघणार. जावा बेटावर तोंडावर नकार देणे हा वाणीचा अविनय. सर्व नकारांचे सभ्य रूप एकच, ‘अजून नाही’. तेच नाव वेनिंगने पुस्तिकेला दिले. पानोपानी एक प्रश्नकर्ता आणि तेच उत्तर. शेवटी मांजर विचारते, मासा आहे का. अजून नाही.

शहरातल्या झीनच्या जत्रेत रिवाजाप्रमाणे काही पुस्तिकांची इतरांच्या पुस्तिकांशी अदलाबदल झाली. बाकीच्या पुस्तिका घरी परतल्या. आई, सार्जिला, घराच्या पायरीवर गुडेग विकत असे. ती गठ्ठ्याकडे पाहून म्हणाली होती, की कागद जरा जाड असता तर कामाला तरी आला असता. आणि गिऱ्हाइके मुलगी काय करते म्हणून विचारतात, त्यांना काय सांगू, कागद कापते?

 पुढे सेमारांगच्या मामाने आपल्या लाकडी सामानाच्या गोदामात हिशेबाचे काम देऊ केले. तिने गठ्ठा सुतळीने बांधून खाटेखाली सारला, कात्री आणि खळीची बाटली आईच्या शिवणाच्या डब्यात टाकली. आज मामाचा फोन यायचा होता. हो म्हणायचे तिने मनाशी ठरवले होते.

आणि आता हे. खाटेखालची तेवढीही जागा आईने तिच्या मांजराला ठेवली नव्हती.

ती पायऱ्या उतरली. “आई, माझ्या झीनमध्ये तू भात बांधतेस?”

“आत केळीचं पान असतं. शाई लागत नाही कुणाला.” आईने मान वर केली नाही. पळी चालूच होती.

“मी ते बांधून ठेवलं होतं. रद्दीत नव्हतं काढलं.”

“मग असेल की तिथंच. जाऊन बघ.”

वेनिंगने आईजवळच्या चळतीतला एक कागद ओढला आणि रागाने दोन्ही हातांत ताणून धरला. तिथेच ती थांबली. मध्ये चीर नव्हती. आपल्या प्रत्येक प्रतीला तिने स्वहस्ते चीर दिली होती. तशा कागदात भात बांधला असता तर मधूनच सांडला असता. हा कागद अखंड होता. आणि जाड होता.

ती आत जाऊन वाकली. गठ्ठा जागेवरच होता. सुतळीची गाठ मात्र तिची नव्हती. पुडीला मारतात तशी, एका ओढीत सुटणारी होती. आतल्या पुस्तिका जशाच्या तशा होत्या. फक्त सर्वांत खालचा, छपाईसाठी जपलेला मूळ कागद नव्हता.

ती बाहेर आली तेव्हा आई अंड्यावर रस घालत होती.

“कोपऱ्यावरच्या झेरॉक्सवाल्याकडून काढून आणते,” आई म्हणाली. “तुझा कागद पातळ, त्यातून तेल फुटतं. रोज विचारतात, मुलगी काय करते. आता उत्तर हातातच देते.”

वागिमानांनी एव्हाना पुडी सुलटी केली होती. मनगट चाटून ते म्हणाले, की परवा त्यांना दुसरी बाजू वर आलेली पुडी मिळाली आणि कथा अर्धीच राहिली. आज मुद्दाम ही मागून घेतली. मग त्यांनी वेनिंगकडे पाहिले.

“मासा मिळतो का गं त्याला? पुढचा अंक कधी?”

वेनिंगला हसू आले. ती आत वळली.

तेवढ्यात फोन वाजला. आईने बोटे कमरेच्या फडक्याला पुसली. मामाचा आवाज दणदणीत. पायरीवरच्या सर्वांना ऐकू गेला. संध्याकाळी गाडी पाठवतो, वेनिंगची निघायची तयारी झाली ना?

आईने खिडकीतून आत पाहिले. शिवणाचा डबा जमिनीवर उपडा पडला होता आणि वेनिंग दोऱ्यांच्या गुंत्यातून कात्री सोडवत होती.

“अजून नाही,” आई म्हणाली.