काका गावाला गेलेत

पहिल्या बाकावरच्या पोरानं हात वर केला आणि बाईंच्या हातातला खडू फळ्यावरच थांबला.

"बाई, का..."

पुढचं त्याला बोलताच आलं नाही. दोन बाक मागून एक खोडरबर सणसणत आला आणि त्याच्या टाळक्यात बसला. अंतर राखून भांडायची ही नवी रीत. पोरानं डोकं चोळलं. "काही नाही बाई. पाणी पिऊ का?"

"पी," बाई म्हणाल्या. त्यांनाही तहान लागली होती. पण पाणी प्यायचं तर मास्क काढावा लागला असता, आणि पोरांना चेहरा दिसला असता.

दीड वर्षानं शाळा उघडली होती. खिडक्या सताड, एका बाकाला एकच मूल, आणि तिसरीची सव्वीसच्या सव्वीस पोरं चिडीचूप. पडद्यावरच्या शाळेत याच पोरांनी असा कालवा केला होता की बाईंच्या भिंतीवरची पाल कंटाळून शेजाऱ्यांकडे राहायला गेली होती. खोडरबर खाल्लेला तो कपाळकर. पडद्यावर त्याचं कपाळाखालचं काही कधी दिसलंच नाही, म्हणून हे नाव. आज मास्कांमुळे सगळ्यांचीच कपाळं तेवढी उघडी, त्यामुळे बाईंनी आधी ओळखलं ते त्यालाच. खोडरबर मारणारी खारूताई. अख्खा तास काही ना काही चघळत बसायची. आज तिचं तोंड बंद होतं. तेही बाईंना बरं वाटेना.

सकाळी फाटकातच मुख्याध्यापिकांनी गाठलं होतं. ताप मोजायचं यंत्र कपाळावर रोखून विचारलं होतं, "मुलांना सांगितलंत का हो?"

"आज सांगते."

"नऊ महिने झाले बाई, तुमचं आजच चाललंय."

सांगायचं होतं ते घंटाकाकांबद्दल. घंटाकाका म्हणजे बाईंचे यजमान. घरून शाळा सुरू झाली तेव्हा पोरं म्हणाली, घंटेशिवाय कसली शाळा? झालं. रोज तासाच्या आधी आणि नंतर काका बाईंच्या मागे येऊन उभे राहायचे आणि पातेल्याच्या झाकणावर झारा हाणायचे. असा हाणायचे की तीन गल्ल्यांपलीकडचे म्हातारे औषधाची वेळ झाली समजून गोळ्या घ्यायचे. पोरं खिदळायची. काका लवून मुजरा करायचे.

मग काकांना दवाखान्यात न्यावं लागलं. पोरांनी विचारलं, घंटा का नाही? बाई बोलून गेल्या, "काका गावाला गेलेत. येतील चार दिवसांत."

पाचव्या दिवशी, सातचा पाढा चालू असताना दवाखान्यातून फोन आला. "दोन मिनिटं मनात म्हणा," म्हणून बाईंनी कॅमेरा बंद केला. स्वयंपाकघरात गेल्या. परत आल्या तेव्हा तोंड धुतलेलं होतं. पोरं अगदी शहाण्यासारखी गप्प बसली होती. बाईंनी राहिलेला पाढा पुरा करून घेतला.

तेव्हापासून काका गावालाच होते. खरं काय ते वाक्य बाईंच्या तोंडून एकदाच निघालं होतं, त्या दिवशी, आणि ऐकायला भांडी तेवढी होती. पुन्हा ते उच्चारायचं म्हटलं की बाई हजेरी घ्यायला लागायच्या. पडद्यावर निभलं. पोरांनी काकांचं नाव काढलं नाही, बाईंनी विषय काढला नाही. पण आज सव्वीस तोंडं समोर होती. त्यातलं एक जरी म्हणालं, "बाई, काका आले का हो गावाहून?" तर?

मधल्या सुट्टीला शिपायानं घंटा बडवली. एरवी वर्ग उधळायचा. आज सव्वीस डोकी खाली गेली. कुणी उठेना. मागे कुणीतरी खोकलं तशी बाई दचकल्या. पोरं आजारी तर नाहीत? की घरात बसून बसून घंटाच विसरली?

"अरे, सुट्टी झाली," बाई म्हणाल्या. पोरं चोर पावलांनी बाहेर गेली. जाताना प्रत्येकानं बाईंकडे हळूच बघून घेतलं.

शाळा सुटायला पाच मिनिटं उरली. बाईंनी दप्तरं भरायला सांगितली. आजचा दिवस टळला, उद्याचं उद्या. त्यांनी श्वास सोडला न सोडला तोच खारूताई ताडकन उभी राहिली.

"बाई, मी नाही विचारलं हं! दिवसभरात एकदापण नाही! हा कपाळकर विचारणार होता, मीच गप्प केलं त्याला!"

"एकदाच विसरलो!" कपाळकर ओरडला. "तूच सगळं सांगतेयस आता!"

बाईंनी टेबलाची कड घट्ट धरली.

"काय नाही विचारलं?"

खारूताईच्या डोळ्यांत टचकन पाणी आलं. उत्तर दिलं ते कपाळकरनं, बुटांकडे बघत.

"काकांचं, बाई. आमचं सगळ्यांचं ठरलंय. तुम्ही सांगाल तोपर्यंत काका गावाला."

"म्हणजे... तुम्हाला कुणी सांगितलं?"

"कुणीच नाही," कपाळकर म्हणाला. "त्या दिवशी तुम्ही कॅमेरा बंद केला होता, बाई. माईक चालूच राहिला."