हनुवटीखालची गाठ

“नाक कैसा?” ओस्तापने विचारलं.

हमीदने डोकं खाजवलं. आईच्या नाकाकडे कोण कधी निरखून बघतं? ती गेल्याचा निरोप रत्नागिरीहून आलेल्या झहूरने आणला, त्याला बरेच दिवस झाले होते. फोटो एकही नव्हता. “गुना लागतो,” म्हणून तिने जन्मात काढू दिला नाही. आणि आता तिचा चेहरा रोज थोडाथोडा पुसट होत चालला होता. त्याच धास्तीने हमीद आज जुम्म्याची नमाज उरकून थेट ओस्तापच्या खोलीवर आला होता, आईचा चेहरा लाकडावर कोरून घ्यायला.

ओस्ताप कुवेतमधल्या अहमदीच्या तेल कंपनीत नकाशे काढायचा. मूळचा युक्रेनचा. महायुद्धात गाव सुटलं ते कायमचंच. तेव्हापासून छावणीत म्हणू नका, परमुलखात म्हणू नका, तो लाकडावर तेच गाव कोरत आणि कागदावर छापत आला होता. हमीद कंपनीतला सुतार. खोक्यांच्या फळ्या रंधा मारून तोच आणून द्यायचा. भिंतीवरची चित्रं त्याला पाठ होती. विहीर, बदकं, गवताने शाकारलेलं घर आणि दारात एक बाई. बाईला चेहरा तेवढा नसायचा. हमीदने एकदा विचारलंही होतं. “भूल गया,” ओस्ताप म्हणाला होता, आणि विषय बदलला होता.

“नाक छोटा,” हमीद आठवून म्हणाला. “हँसी तो गाल में खड्डा.” मग बोलण्यात चूल आली, तांदळाच्या भाकऱ्या आल्या, आणि हिंदी कधी सुटली ते त्याचं त्यालाच कळलं नाही. “मी बंदरावर निगालो तवा दारात उबी ऱ्हायली. रडली नाय. हात तेवडा हालवलान.”

ओस्तापला यातलं अक्षर कळत नव्हतं, पण त्याने टोकलं नाही. मान खाली घालून तो कोरत राहिला. एरवी अडखळणारा त्याचा हात आज सुसाट चालला होता.

दुपार कलली. त्याने फळीला शाई लावली, वर कागद ठेवून चमच्याच्या पाठीने घासला आणि अलगद उचलला.

नाक छोटं. गालावर खळी. डोक्याचा रुमाल हनुवटीखाली गाठ मारून बांधलेला. हमीदच्या आईने अशी गाठ उभ्या आयुष्यात मारली नव्हती.

“साहब, ये मेरी माँ नहीं.”

ओस्तापने कागद उजेडाकडे धरला. “मामो,” तो हळूच म्हणाला. त्याचा अर्थ हमीदला सांगावा लागला नाही. त्याला बरं वाटलं, आणि हेवाही वाटला.

मग ओस्तापने डोळे पुसले आणि ओशाळून नवी फळी पुढे ओढली. “अब तुम्हारा. बोलो.”

हमीदने डोळे घट्ट मिटले. दारात आई उभी होती. तिच्या हनुवटीखाली गाठ होती.