काळे पुठ्ठे

"काकू, आली का हो ती घोड्यावरच्या मुलीची कादंबरी?" ऋजुतानं दारातूनच विचारलं आणि ग्रंथपाल कुमुदकाकूंची नजर कपाटातल्या काळ्या पुठ्ठ्यांच्या रांगेकडे गेली.

महिन्यापूर्वी पुण्याच्या दुकानात दिवसभर ठाण मांडून त्यांनी शाळकरी मुलांसाठी नव्या ऐतिहासिक कादंबऱ्या निवडल्या होत्या. मुखपृष्ठांचे फोटो मोबाइलवर दाखवले, तेव्हा पोरगी हरखून गेली होती. तिच्या वयाची वाचनालयात येणारी ती एकटीच तर उरली होती.

मग काकू लेकीच्या बाळंतपणाला गेल्या आणि इकडे पुस्तकांचं खोकं आलं. चिटणीसांनी वाचनालयाच्या शिरस्त्याप्रमाणे ते तसंच बाइंडरकडे धाडलं. रंगीत मुखपृष्ठं काढून टाकली गेली, सगळ्यांना एकसारखे काळे पुठ्ठे चढले. "आता पन्नास वर्षं चिंता नको," चिटणीस कौतुकानं म्हणाले.

काकूंनी ती कादंबरी काढून ऋजुताच्या हातात दिली. तिनं ती उलटीपालटी करून पाहिली, नाकापाशी नेली. बाइंडिंगच्या खळीचा वास आला.

"ही नाही हो. ती नवी होती."

"अगं, हीच ती! नुसता पुठ्ठा बदललाय." काकूंनी घाईघाईनं पहिलं पान उघडलं. "हे बघ, भरदुपारी ती छावणीतून घोडा पळवते..."

"असू दे, काकू." ऋजुता लहान मुलाची समजूत घालावी तशी म्हणाली. "आली की सांगा."

चपला घालून ती गेलीसुद्धा. काकूंचं बोट अजून पहिल्याच ओळीवर होतं.