उजव्या बाजूचा बल्ब

पितळी वाटीत जळका बल्ब टिणकन वाजला आणि आठवडाभर गप्प असलेल्या घरात देवराव पहिल्यांदा बोलला. “मोटरसायकलचा उजवीकडचा साइड दाखवायचा दिवा गेला. म्हनून उशीर होऊन राह्यला मले.”

प्रेमलाला तेवढंही पुष्कळ होतं. बल्ब पदराच्या गाठीत बांधून, लेकीचं बोट धरून तिनं पावरहाऊसचा बाजार गाठला. मारोतरावांच्या दुकानात उजव्या बाजूचा दिवा गेल्याचं सांगून तिनं तीन बल्ब जुन्याशी ताडून पाहिले. एकाचं बूड जाड, एकाचे व्होल्ट जास्त. शेवटी नेमका तसाच सापडला, तेव्हा तिला वाटलं, आता नवरा वेळेवर घरी येईल.

मारोतराव पुडी बांधता बांधता हसले. “वयनी, उजव्या बाजूचा हा चौथा बल्ब! डावा तं परदेशी साहेबानं त्याले जुनी गाडी विकली तवाचाच हाय. ड्यूटी सुटल्यावर प्लांटच्या फाटकातून निघून देवराव रोज उजवीकडेच वळते का काय?”

प्रेमलाही हसली. चारचौघांत दुसरं काय करणार?


पायरी उतरताना लेकीनं तिचा पदर ओढला.

“आई, फाटकातून आपलं क्वार्टर तं डावीकडे येते ना वं? मंग उजवीकडे कोन राह्यते?”