कडी

शांतिसेनेच्या छावणीतून नवऱ्याचा व्हिडिओ कॉल आला की त्याच्या तंबूतला परदेशी सैनिक हमखास मध्ये डोकवायचा. नवऱ्यानं शिकवलेल्या चार मराठी शब्दांवर गडी भलताच खूश. औषधांचा ट्रक घेऊन निघताना हात हलवून म्हणायचा, "जातो, वहिनी."

"भावजी, जातो म्हणू नये. येतो म्हणायचं," मांडीवरच्या बाळाला थोपटत ती दर वेळी सांगायची.

"याच्या डोक्यात नाही शिरायचं ते," नवरा हसायचा.

शेवटच्या कॉलवर मात्र तो अगदी नीट बोलला. "येतो, वहिनी." त्याच दुपारी त्याचा ट्रक सुरुंगावर गेला.

आता नवरा घरी परतलाय. बाळ रांगत थेट जिन्यापर्यंत पोचतं, तरी हा दाराला कडी लावू देत नाही. आज तिनं वैतागून ती लावलीच. "बाळ पडलं म्हणजे? आणि असं कोण यायचंय आपल्याकडे?"

"तुलाच सांगून गेलाय ना तो," नवरा हळूच म्हणाला.

 

लावलेली कडी तिनंच पुन्हा काढली, आणि बाळाला मांडीवर घेऊन उघड्या दारात बसून राहिली.