धुराशिवाय वारा

पडद्यावरची रेघ पुन्हा सपाट झाली. तिनं कपाळाला हात लावला.

प्रयोगशाळेतल्या वाऱ्याच्या बोगद्यातून हवा जवळपास आवाजाच्या वेगानं सुटली होती. तिचा वेग मोजणारे लेझरचे दोन किरण आत अगदी नेमके एकमेकांना छेदत होते. पण लेझरला वारा दिसत नाही. वाऱ्याबरोबर पळणारे बारीक कण दिसतात. ते पुरवणारं धुराचं यंत्र नेमकं आजच रुसलं. उद्यापासून बोगदा दुरुस्तीसाठी वर्षभर बंद. आज वेग मोजला गेला नाही, तर तिची चार वर्षांची मेहनत पाण्यात.

त्यात बाबा आलेले. ती डबा विसरली म्हणून घेऊन आले, तिचा उतरलेला चेहरा बघितला आणि "मी आहे बाहेर" म्हणून निघून गेले.

"काका, एकदा शेवटचं चालवू," ती बोगदा चालवणाऱ्या काकांना म्हणाली.

बोगदा घोंघावला. आणि रेघ चक्क उसळली! सेकंदाला दोनशे नव्वद मीटर. तिच्या गणितातला अगदी तोच आकडा. रेघ पडली, पुन्हा उसळली. काकांनी वळून धुराच्या यंत्राकडे पाहिलं. ते ढिम्म बंद होतं.

मग धूर येतोय कुठून? ती धावतच मागच्या अंगणात गेली. बोगदा तिथल्या जाळीतून हवा ओढायचा. जाळीशेजारी बाबा उभे होते. तिला बघताच त्यांनी हात पाठीमागे लपवला. दोन वर्षांपूर्वी आईला शब्द देऊन सोडलेली सिगारेट! तिचा धूर सरळ जाळीत शिरत होता.

"आईला सांगू नकोस," ते पुटपुटले.

"बाबा, विझवू नका! ओढूही नका. नुसती जाळीपाशी धरा!"

पाकीट संपेपर्यंत बाबा एकामागून एक सिगारेट धरून उभे राहिले, दुसऱ्याच्या ताटाकडे बघणाऱ्या उपाशी माणसासारखे. आत आकडे धो धो येत होते. काका नाचायचेच काय ते बाकी होते.

"पण पाकीट आणलंत कशाला?" सगळं आटोपल्यावर नोंदी भरता भरता तिनं विचारलं.

"दोन वर्षं शिवलो नव्हतो गं. आज तुझं तोंड बघितलं, आणि पाय आपोआप दुकानाकडे वळले."

तिला हसू आलं आणि डोळेही भरले. 'कणांचा उगम' असा एक रकाना रिकामा राहिला होता. त्यात तिनं ठळक अक्षरांत लिहिलं: वडिलांची काळजी.